डोंगरउताराच्या रानासाठी जुना ट्रॅक्टर घ्यायचाय, मिनी फोर व्हील का मोठा टू व्हील?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात वरच्या अंगाला. रान साडेपाच एकर पण एका जागी नाही, तीन तुकडे आहेत. खालचा तुकडा ओढ्याच्या कडेला भाताची खाचरं, मधला उताराचा, तिथं भुईमूग आणि थोडा गहू होतो, आणि वरचा म्हणजे नुसती वरकस, नाचणी-वरीची. वरच्या तुकड्याला जायची वाट बैलगाडीची, एका बाजूला दगडी ताल (दगड रचून केलेला बांध) आणि दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल घळ. बैलजोडी गेल्या दिवाळीत विकली, वडलांचं आता होत नाही आणि मी कराडला नोकरी करून शनिवार-रविवार गावी असतो. भाड्याचा ट्रॅक्टर मिळतो पण चिखलणीच्या टायमाला सगळ्यांना एकदमच पाहिजे असतो, गेल्या वर्षी आमचा नंबर लागेपर्यंत रोपं गुडघ्याएवढी झाली होती आणि वरच्या तुकड्याला तर कुणी यायलाच तयार नाही.

बजेट साडेतीन लाख, ताणून पावणेचार. दोन बघितलेत. एक गावाजवळच आहे, ३९ एचपी टू व्हील (इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना), २०१४ चा, मालक ओळखीचा, तीन लाखाला देतो म्हणतोय, सोबत पाच फुटी रोटर (माती भुसभुशीत करायचं फिरत्या पात्यांचं अवजार). ऊस वाहतुकीला होता आधी. दुसरा तासगावकडचा द्राक्षबागेतला २४ एचपी फोर व्हील (चारही चाकांना ताकद) मिनी, २०१९ चा, मीटरवर १,६०० तास, तीन सत्तर सांगतोय. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, मालकांना वाईट वाटायला नको.

वडील म्हणतात मोठा घे, ताकद पाहिजे, उद्या ट्रॉली लावून चार पैसे पण मिळतील. मला मिनी बरा वाटतोय पण मनात धाकधूक आहे की एवढं छोटं यंत्र चढाला दम धरेल का. ज्यांनी खरंच डोंगरात ट्रॅक्टर चालवलाय त्यांनी सांगा, आणि जुना बघताना नेमकं काय बघायचं ते पण.

गॅरेजवाला_कराड

दादा, २६ वर्षं ट्रॅक्टर खोलतोय, पाटण-ढेबेवाडीकडची बरीच गिऱ्हाईकं आहेत माझ्याकडं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एचपीचा विचार डोक्यातनं काढून टाका. सपाटीला एचपी, डोंगराला वजन, रुंदी, ब्रेक आणि गिअर. तुमचा तो ३९ एचपीवाला पावणेदोन टनाच्या आसपास भरणार, मिनी सातशे किलोच्या आत-बाहेर. भाताच्या खाचराला खाली जो कडक थर असतो ना, पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून झालेला, त्याच्यावरच पाणी टिकतं. जड ट्रॅक्टर दोन-तीन पावसाळे फिरला की जागोजागी तो तळ फुटतो, मग ट्रॅक्टर पण रुततो आणि खाचरात पाणी पण ठरत नाही. शिवाय कडेनं गेला की ताल ढासळणार ते वेगळंच. आणि तुमची बैलगाडीची वाट, तिथं मोठ्याची मागची चाकं मावली तरी वळवणार कुठं?

आता तो उसाचा. ओळखीचा माणूस आहे तर वाईट बोलत नाही, पण ऊस वाहतुकीत दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचं क्लच, गिअरबॉक्स आणि क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधले गिअर) यांनी आयुष्यभराचं काम करून टाकलेलं असतं. इंजिन गोड आवाज देतं, रंग मारलेला असतो, आणि चढाला लावला की गिअर सटकतो. उतारावर गिअर सटकला की ट्रॅक्टर न्यूट्रल, मग सगळा भार ब्रेकवर, आणि त्या जमान्यातल्या बऱ्याच मॉडेलला ड्राय ब्रेक आहेत, ते पाणी-चिखल लागला की धरत नाहीत. तुमच्या रानाला ऑइल ब्रेकच पाहिजेत.

टेस्ट कशी घ्यायची ते सांगतो. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की आम्ही यायच्या आधी चालू करू नका. गेल्या गेल्या इंजिनवर हात ठेवा, गरम लागलं तर चहा घ्या, गार होऊ द्या, मगच सेल्फ मारा. गार इंजिन किती वेळात धरतंय, पहिला धूर कसला येतोय ते बघायचं, निळा धूर राहिला म्हणजे ऑइल खातंय. चालू इंजिनला ऑइल भरायचं झाकण काढून वर तळहात धरा, भसाभसा हवा मारत असेल तर पिस्टन-लायनरचं काम आलंय.

मग उतार शोधा. सपाट अंगणात फिरवून काही कळत नाही. घसरणीला लो गिअर टाका, ॲक्सिलेटर पूर्ण सोडा, क्लचला पाय लावू नका आणि हात गिअरच्या दांड्याजवळ ठेवा, थरथरत बाहेर यायला लागला तर तिथंच नमस्कार करून माघारी या. दोन्ही ब्रेकच्या पेडलची कडी काढून एकेक पेडल वेगळं दाबून बघा, डावं-उजवं सारखंच धरलं पाहिजे. हँडब्रेक चढावर लावून गाडी सोडून बघा. स्टेअरिंगला प्ले किती, पुढची चाकं जॅकवर उचलून हलवून बघा. रोटर वर उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटं तिथंच गप्पा मारत बसा, रोटर हळूहळू खाली बसत असेल तर लिफ्टचे सील गेलेत.

मिनी फोर व्हीलला सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे पुढचा एक्सल. पुढच्या चाकाच्या हबला खाली ड्रेनचा बोल्ट असतो, मालकाची परवानगी घेऊन तो थोडा ढिला करा, चार थेंब बोटावर घ्या. ऑइल काळपट का असेना, चालतं. दुधाच्या चहासारखं निघालं तर सील फाटून आत पाणी गेलंय, आणि आतले बेव्हल गिअर-बेअरिंग कुठवर गेलेत ते खोलल्याशिवाय देवालाच माहीत. चिखलणीला वापरलेल्या मिनीला हे हमखास, बागेतल्याला त्यामानानं कमी. पुढचे-मागचे टायर कंपनीच्याच साईजचे आहेत का ते पण बघा, कुणी पुढं दुसऱ्याच साईजचे घातले असले की दोन्ही एक्सलचं गणित जुळत नाही आणि गिअर आतल्या आत ताणावर राहतात.

मीटरवर फार विश्वास नको. क्लच पेडलचं लोखंड झिजून चकाकतंय आणि मीटर १,६०० दाखवतंय, हे दोन्ही एकदम खरं नसतं. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, ३२१९ लिहिलं असेल तर २०१९ च्या ३२ व्या आठवड्यातला टायर. ट्रॅक्टर पण २०१९ चा आणि टायर पण तेव्हाचेच, गुटके निम्म्याच्या वर शिल्लक, मग मीटर खरं धरायला हरकत नाही.

द्राक्षबागवाला

मिस्त्रींनी सगळं बरोबर सांगितलंय, फक्त बागेतल्या ट्रॅक्टरबद्दल माझा अनुभव सांगतो, मी निफाडचा, आतापर्यंत तीन मिनी वापरलेत आणि दोन जुने विकलेत.

बागेतला मिनी नांगरटीला फारसा नसतो, त्याचं मुख्य काम ब्लोअर, म्हणजे फवारणीचं पंख्याचं यंत्र, चालवायचं. ऑक्टोबर छाटणी झाली की पाऊसपाणी बघून दिवसाआड पण फवारणी करावी लागते, म्हणजे पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) तासन्‌तास फिरतो. त्यामुळं गिअर-क्लच बरे सापडतात पण पीटीओचं बेअरिंग आणि शाफ्टचे दाते झिजलेले असू शकतात. इंजिन बंद करून पीटीओचा शाफ्ट हातात धरून वर-खाली हलवून बघा. दुसरं म्हणजे औषधाचा गंज. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) मारलेल्या ट्रॅक्टरला मडगार्डच्या आतल्या बाजूला, सीटच्या खाली, बॅटरीच्या पेटीजवळ निळसर-हिरवी पुटं धरलेली असतात. वरनं धुऊन पॉलिश करतात पण सीट उचलली की दिसतात. पत्रा गंजला तर चालतंय हो, पण लाईटच्या वायरिंगची कनेक्शनं आणि रेडिएटरची जाळी औषधानं खाल्लेली असेल तर तेवढे पैसे कमी करून घ्या.

तिसरी गोष्ट. वेलीखालून जायला अडचण होते म्हणून बरेच बागायतदार मागचा रोलबार, म्हणजे ती लोखंडी कमान, काढून ठेवतात नाहीतर दुमडून ठेवतात. विकताना ती कुठंतरी गोठ्यात पडलेली असते आणि कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा, आणि ती बसवून घेतल्याशिवाय टेम्पोत चढवू नका.

मॉडेल म्हणाल तर कुबोटा बी २४४१ आणि २७४१, महिंद्रा जिवो २४५, जॉन डिअर ३०२८ हे सगळे फोर व्हीलमध्ये आहेत आणि आमच्याकडे, तासगावकडे, सोलापुरात डाळिंबवाल्यांकडे जुने फिरत असतात. यातलं जे तुमच्या तालुक्यात दुरुस्त होतं आणि ज्याचा पार्ट कराडला त्याच दिवशी मिळतो ते घ्या, बाकी उन्नीस-बीस.

अजून एक, २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ झालाय, टायर आणि पार्टवरचा पण १८ चा ५ झाला. नव्याची किंमत उतरली म्हणजे जुन्याची पण उतरायला पाहिजे, पण काही लोक अजून जुन्याच भावाच्या हिशोबानं सांगतात. तीन सत्तर मला जास्त वाटतात, नव्याचं कोटेशन खिशात घेऊन जा.

मावळतीचं_रान

कोयनाकाठ दादा, मी भोर तालुक्यातली, आमचं पण असंच उताराचं रान आहे आणि घरचा ट्रॅक्टर मी स्वतः चालवते. वरच्या सगळ्यांनी मशीन कसं बघायचं ते छान सांगितलंय, मला फक्त एकच सांगायचंय ते त्या कमानीबद्दल.

चार वर्षांपूर्वी आमच्या चुलत सासऱ्यांचा टू व्हील खाचरात रुतला. बाहेर काढायला शेजाऱ्यांचा दुसरा ट्रॅक्टर आणला, तो पण टू व्हील, वर चढाला उभा. घाईत साखळी खालच्या हुकाला न लावता वर टॉपलिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) पिनेला लावली. मामंजी स्वतः त्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवर बसले, पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि पुढची चाकं उचलली ती उचललीच. मी बांधावर उभी होते, ओरडायला तोंड उघडलं तोवर ट्रॅक्टर मागं पालथा झालेला. कमान नव्हती. खाली चिखल होता म्हणून जीव वाचला, कमरेचं हाड मोडलं, आज काठी घेऊन चालतात पण बैठक मारता येत नाही. एवढं सगळं व्हायला पापणी लवायचा वेळ लागतो, क्लच दाबायचं सुचत सुद्धा नाही.

तेव्हापासून आमच्या घरात काही गोष्टी ठरलेल्या आहेत. ओढायचं ते खालच्या हुकालाच. उंच बांध चढायचा झाला तर रिव्हर्समध्ये चढायचा, उतरताना तोंड खाली करून, म्हणजे जड बाजू कायम चढाकडे राहते. बांधाला तिरकं कधी जायचं नाही, काटकोनात जायचं, त्यासाठी दोन ठिकाणी बांध उतरता करून घेतलाय. उतारावर वळताना रोटर खाली जमिनीलगत. मडगार्डवर कुणालाही बसवायचं नाही, पोरांना तर नाहीच, कितीही रडली तरी. आणि कमान असेल तरच पट्टा लावायचा, कमान नसताना पट्टा लावला तर माणूस खालीच अडकतो.

वडलांना मोठाच पाहिजे असेल तर त्यांना हे वाचून दाखवा. मोठा वाईट असं नाही, पण तुमच्या वरच्या तुकड्याच्या वाटेचं वाचून माझ्या पोटात गोळा आला म्हणून एवढं लिहिलं.

सडा_आणि_भात

संगमेश्वरहून लिहितोय. साडेपाच एकर तीन तुकड्यांत आणि वरचा तुकडा असा अडचणीचा, तर पॉवर टिलरचा (मागून चालत धरायचं छोटं नांगरटीचं यंत्र) विचार केलात का? आमच्याकडे छोट्या कुणग्यांना तोच चालतो, लोखंडी चाकं लावली की चिखलणी मस्त होते आणि बांधावरून दोघं मिळून पार नेता येतो. जुना लाख-सव्वा लाखात मिळून जाईल. चालवायला मेहनत आहे, हात भरून येतात हे खरं, पण वडलांना झेपणार नाही म्हणता ना, मग तुम्हालाच शनिवार-रविवार करायचं तर विचार करा.

सातबारा_आणि_आरसी

कागदाचं कुणीच बोललं नाही म्हणून. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते एमपरिवहनवर नंबर टाकून घरबसल्या बघा. बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि बँकेची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, "पुढच्या आठवड्यात आणून देतो" वर विश्वास ठेवून मी स्वतः आठ महिने हेलपाटे मारलेत. नाव बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्या. मालक वारलेला असेल आणि मुलगा विकत असेल तर आधी वारसाच्या नावावर करून मगच तुमच्या नावावर. चेसिस नंबर पेन्सिलीनं कागदावर घासून काढून आरसीशी ताडून बघा. ट्रॉली घेणार असाल तर तिचं आरसी वेगळं असतं. आणि अनुदान नव्या ट्रॅक्टरला असतं, जुन्याला नाही, त्यामुळं महाडीबीटीवर आधी अर्ज केलेला असेल तर नंबर कुठवर आलाय ते बघूनच जुन्याला हात घाला.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं लिहिलेलं वडलांना वाचून दाखवलं, पूर्ण होईपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले आपल्या वरच्या आळीत पण असंच एक झालं होतं, तुला आठवत नसंल, तू लहान होतास. मोठ्या ट्रॅक्टरचा विषय तिथंच बंद झाला.

टिलरचं पण मनात आलं होतं पण शेणखत आणि भाताचे भारे आणायला छोटी ट्रॉली पाहिजेच आहे म्हणून सोडलं.

तासगावला जाऊन आलो. मिस्त्रींनी सांगितल्यासारखं आदल्या दिवशी फोन केला तरी इंजिन कोमट लागलं, मालक म्हणाले सकाळी गोठ्यातून बाहेर काढला. दोन तास थांबलो. चालू एका सेल्फमध्ये झाला, धूर नाही. टायर १९ सालचेच, क्लच पेडलची जाळी अजून दिसतेय. सीट उचलली तर खरंच निळी पुटं, वायरिंगची एक जोडणी बोट लावल्यावर तुटून हातात आली. कमान गोठ्यामागं कडब्याखाली सापडली, दोन बोल्ट नाहीत बाकी शाबूत. जवळ उतार नव्हता म्हणून कालव्याच्या भरावावर चढवला-उतरवला, गिअर बसलेला हलला नाही, ब्रेक दोन्हीकडे सारखे. पुढच्या हबचं ऑइल उजवीकडे काळं, पण डावीकडचं दुधट. बोटावर घेऊन मालकांना दाखवलं, त्यांनी पण पहिल्यांदाच बघितलं म्हणाले, फवारणीनंतर रोज प्रेशरनं धुवायचो त्यानं गेलं असेल. माणूस सरळ वाटला. बोजा नाही, आरसी त्यांच्याच नावावर.

तीन पंचवीसला तयार झालेत, कमान बसवून आणि वायरिंग करून देणार. मिस्त्री, डाव्या हबचं काम किती निघेल? आणि ते बघून घ्यायचा का सोडायचा?

गॅरेजवाला_कराड

फोटो बघितल्याशिवाय रक्कम सांगत नाही. नुसते सील-बेअरिंग असले तर किरकोळ काम आहे, गिअर खरवडले असले तर मोठं. असं करा, त्यांना म्हणा डावा हब तिथल्याच मिस्त्रीकडून तुमच्यासमोर खोलू, खर्च निम्मा-निम्मा. गिअरचे दाते चकचकीत आणि कडा धारदार असतील तर डोळे झाकून घ्या. दाते ठिपक्याठिपक्यांनी खाल्लेले किंवा गंजलेले असतील तर तीनच्या वर जाऊ नका. न खोलता मात्र अजिबात घेऊ नका, डोंगरात चढाला पुढचा एक्सल अर्धं काम करतो आणि उतरताना फोर व्हील टाकलेला असला की इंजिनचा दाब पुढच्या चाकांना पण मिळतो, तुमचा खरा ब्रेक तोच.

घेतल्यावर दोन्ही हबचे सील एकदमच बदला, उजवं चांगलं दिसतंय म्हणून ठेवू नका. मागच्या टायरात पाणी भरून घ्या, वॉल्व्ह वर ठेवून वॉल्व्हच्या पातळीपर्यंत, वजन खाली राहतं, ट्रॅक्टर जमिनीला चिकटून चालतो. पण चिखलणीच्या आधी ते काढा, खाचरात हलकाच बरा. वरच्या तुकड्यावर काम करताना डिझेल अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका, तिरका उभा राहिला की पंप हवा ओढतो आणि मग भर उतारावर बंद पडतो. इंजिन ऑइल पण वरच्या खुणेला. ट्रॉलीत एक टनाच्या आतच भरा, उतरताना ट्रॉली मागनं ढकलते. डांबरी रोडला आलात की फोर व्हील काढायची आणि दोन्ही ब्रेकची कडी लावायची, हे दोन विसरू नका.

कोयनाकाठ

रविवारी हब खोलला. दाते चकचकीत, फक्त बाहेरचं बेअरिंग खरखरतंय आणि सीलचा ओठ एका बाजूला फाटलेला. तीन वीसला ठरलं, एकवीस हजार विसार दिला, बाकी नाव चढवायचे कागद झाल्यावर. मिस्त्री, येत्या शनिवारी टेम्पो थेट तुमच्याकडंच आणतो, दोन्ही हबचे सील मागवून ठेवा. मृगाच्या आत वरच्या तुकड्याची वाट पण दोन ठिकाणी रुंद करून घेतोय, जेसीबीवाल्याला सांगितलंय.